लोखंडाला हात लाव

टेबलाच्या मधोमध नकाशांचं मोठं पुस्तक उभं करायचं. अलीकडे एक मूल, पलीकडे एक मूल. अलीकडच्यानं आपल्या हातातल्या चित्रात काय आहे ते सांगायचं, पलीकडच्यानं ऐकून तसं काढायचं. डोकावायचं नाही.

*

गुरुवारी शाळेत धुरावलेल्या हॅडक माशाचं सूप असतं. वास शुक्रवारपर्यंत पडद्यांना राहतो.

*

आमच्या गावात चार शब्द बोलत नाहीत. होडीवर तर नाहीच, घरातही नाही. त्यांच्याऐवजी म्हणतात: चर्चमधला काळा कोटवाला. तांबडा मासा. लांब कानवाला. आणि तो, पिळलेल्या शेपटीचा. कुणाच्या तोंडून निसटलाच तर ऐकणाऱ्यानं जवळच्या लोखंडाला हात लावायचा.

*

गावात नव्यानं आलेली प्रत्येक आई पहिल्या सकाळी शाळेच्या छपराकडे बघते आणि विचारते, कुणाचं मूल रडतंय? ते कुरव असतात. समुद्रावरचे पक्षी. आठवड्याभरात त्या विचारायच्या थांबतात.

*

कान बंद कर म्हटलं की मूल कानांवर हात ठेवतं. कान उघड म्हटलं की काय करायचं ते कुणालाच समजत नाही.

*

परक्या भाषेत येऊन पडलेलं मूल सहा-सहा महिने गप्प राहू शकतं. ते मुकं नसतं. ऐकत असतं. त्याच्यामागे बोल-बोल म्हणून लागू नये.

*

हे शेवटचं मी दरवर्षी नव्या शिक्षकांना सांगते. माझं नाव एल्स्पेट काउई. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत अशा लहान मुलांना मी इंग्रजी ऐकायला आणि बोलायला शिकवते. लिहिणं-वाचणं त्यांच्या वर्गात होतं. माझ्याकडे शाळेच्या जुन्या इमारतीतली एक खोली आहे, तीन बुटकी टेबलं, सहा खुर्च्या, आणि खिडकीखालून भिंतीच्या कडेनं गेलेला गरम पाण्याचा जाड लोखंडी पाइप.

त्या वर्षी पाच मुलं होती. पोलंडचा तिमेक, झोपेतही बोलत असावा असा. लिथुआनियाची उग्ने, पोर्तुगालचा दुआर्ते, रुमानियाची इलिंका. आणि लाटवियाची दार्ता, सात वर्षांची.

दार्ता बोलत नव्हती. ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली तेव्हाही नाही, नाताळला नाही, फेब्रुवारीतही नाही. ऐकायची मात्र अशी, की आपण बोलताना शब्द जपून वापरावेत. "निळा खडू उचल" म्हटलं की निळाच उचलायची. "खिडकीपाशी जा आणि काय ऐकू येतं ते सांग" म्हटलं की खिडकीपाशी जायची, ऐकायची, परत येऊन बसायची.

"मिस, तिची बॅटरी संपलीय," तिमेक म्हणायचा.

"तुझी थोडी काढून दे तिला," मी म्हणायची.

*

डग्लस रेनी आमचा मुख्याध्यापक. आम्ही दोघं याच शाळेत एका बाकावर शिकलो, त्यामुळे माझ्यासमोर त्याला साहेबी जमत नाही.

"एल्स्पेट, फेब्रुवारी आला."

"दरवर्षी येतो."

"थट्टा नको गं. ईस्टरच्या आधी अॅबर्डीनहून शिक्षण खात्याच्या हॉल्डेनबाई येणार आहेत. दार्ता त्यांच्यासमोर गप्प बसली तर तिला तिकडच्या खास शाळेत पाठवणार. रोज टॅक्सीनं."

"तिथली अर्धी मुलं बोलतच नाहीत, डग्लस. तिथं ही कुणाचं ऐकून बोलणार?"

"हेच मी खात्याला म्हटलं. म्हणाले, पुरावा द्या. एक वाक्य. जिवंत माणसासमोर. मग राहू दे तुमच्याकडेच."

तिची आई इंगुना माशांच्या कारखान्यात काम करायची, काटे काढायच्या टेबलावर. ती फाटकाशी मला भेटली. अंगाला साबणाचा आणि त्याखाली माशाचा वास.

"टॅक्सी नको, मिस."

"मलाही नको."

"ती घरी बोलते. भरपूर. भांडते पण माझ्याशी. टॅक्सीत बसेल, जाईल, येईल. पण आत..." तिनं छातीवर हात ठेवला. "आत जी आहे ती परत येणार नाही. मला कळतं ना. मी आई आहे."

*

नकाशांचं पुस्तक उभं करून खेळायच्या आडपडद्याच्या खेळाला जोड्या लागतात. तिमेक-उग्ने, दुआर्ते-इलिंका. पाचवी दार्ता, म्हणून तिच्यासमोर मी. तिची खुर्ची भिंतीला लागून, पाइपाजवळ. माझी टेबलाच्या पलीकडे, खोलीच्या मध्यावर.

एका दुपारी मला ऑफिसातून बोलावणं आलं, फोन होता. मी उठले. दार्ताच्या हातात चित्र तसंच होतं. जाता जाता मी रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"मी येईपर्यंत हिला सांग," मी म्हणाले. "ही ऐकेल."

आपण मुलांशी असं बोलतोच. बाहुलीला सांग, खुर्चीला सांग, चंद्राला सांग.

परत आले तेव्हा दाराबाहेरच थबकले. आत तिमेकचा आवाज होता, तो नेहमीच असतो. पण त्याखालून आणखी एक आवाज येत होता, मी कधी न ऐकलेला, जरा घोगरा.

"छपराला लाल रंग दे."

मी श्वास धरून उभी राहिले. मुलांना बोलतं करणं हाच माझा धंदा. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही. सुचायला हवं होतं असंही वाटत नाही.

मी आत पाऊल टाकलं आणि आवाज थांबला. दार्ता माझ्याकडे बघत होती. पलीकडे, माझ्या जागी, कागद कोरा होता. पेन्सिलीचं टोक झिजलं होतं. सकाळी मीच ते काढलं होतं.

*

चालतंय ते मोडू नये. शिकवण्यातला हा सगळ्यात जुना नियम.

म्हणून मी त्यानंतर त्या खुर्चीवर बसलेच नाही. काहीतरी काम काढून बाहेर जायची आणि मुलांचे कोट टांगलेले असतात तिथं, कोटांच्या मध्ये उभी राहायची. ऐकायची.

— घर काढ. नाही, मोठं.

(थांबते.)

— डावीकडे. तुझ्या डावीकडे नाही गं. माझ्या.

(थांबते. बराच वेळ.)

— हा कुत्रा? पाय मोज त्याचे!

(हसते.)

(थांबते.)

— बरं, बरं. रडू नको. तो राहू दे पाच पायांचा. आता झाड.

इतकंच. पण मला अस्वस्थ केलं ते तिच्या बोलण्यानं नाही, थांबण्यानं. बोलणं शिकवणं सोपं असतं. बोलून झाल्यावर थांबणं, समोरच्याला त्याचा वेळ देणं, हे शिकवायला वर्ष लागतं; तिमेकला अजून आलेलं नाही. मुलं खोटं-खोटं बोलतात, बाहुलीशी, फोनवर, तेव्हा त्यांचं थांबणं एकसारखं असतं. बोल, थांब, बोल, थांब, घड्याळासारखं. दार्ताचं तसं नव्हतं. कधी पापणी लवण्याइतकं, कधी इतकं लांब की माझा पाय अवघडायचा. समोरचं उत्तर जेवढं मोठं, तेवढं ते थांबणं होतं.

आणि ती वाक्यं. मी रंग शिकवले होते, डावं-उजवं शिकवलं होतं. "पाच पायांचा राहू दे" हे मी शिकवलं नव्हतं.

कागद रोज कोरा. पेन्सिल रोज बोथट.

मी रोज सकाळी तिला टोक करून ठेवायची. का करत होते, हे मला कुणी विचारलं नाही. मार्च लागला होता आणि माणसासमोर म्हणून दार्ता अजून चकार शब्द बोलत नव्हती.

*

माझ्याकडे शेतावरच्या प्राण्यांची चित्रं आहेत, जाड पुठ्ठ्याची. गाय, मेंढी, घोडा, कोंबडी. नोकरीला लागले त्या दिवशी खोका उघडला, त्यातलं एक चित्र काढलं आणि कपाटाच्या तळाशी पालथं टाकलं. विचार करून नाही. वाकडी झालेली चटई माणूस जाता जाता पायानं सरळ करतो तसं. त्यामुळे माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही मुलाला तो प्राणी माझ्याकडून मिळालेला नाही.

तिमेकला टीव्हीवरून मिळाला.

"मिस, या शेतात सगळे आहेत, मग तो का नाही?"

"कोण तो?"

आणि तिमेकनं तो शब्द उच्चारला. मोठ्यानं, वर नाकानं आवाज काढून दाखवला. "आमच्या आजोबांकडे दोन आहेत! एकाचं नाव पण आहे!"

मुलं हसली. माझा हात आपोआप कपाटाच्या लोखंडी कडीकडे गेला, पण त्याआधी मी दुसरा हात पाहिला. दार्तानं मूठ वळली होती, आणि बोटांची पेरं पाइपावर आपटली होती. दोनदा. हलकेच.

मग तिनं समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. शिडीवर चढलेल्या लहान भावाकडे मोठी बहीण बघते, तसं.

*

"लोखंड?" इंगुना म्हणाली. "नाही, मिस. आम्ही लाकडावर टकटक करतो."

"कारखान्यात कुणी करतं का? आमच्या गावचं कुणी?"

"तुमच्या गावचा तिथं एकच. ट्रक चालवतो. तो फक्त शिव्या देतो." मग तिचा चेहरा बदलला. "का? वाईट आहे का ते?"

"नाही, नाही. चांगलंच आहे."

"शिव्या पण शिकली का?"

"अजून नाही."

ती हसली. मीही हसले. घरी जाताना मी मोजत गेले की गावात अजून कोण लोखंडाला हात लावतं. होड्यांवर आता फिलिपिन्सची आणि घानाची पोरं असतात. मासेमारांच्या घरांत सुट्टीला येणारे लोक राहतात. उरलो मी, डग्लस, आणि माझी आई.

*

आई टीव्हीवर घोड्यांच्या शर्यती बघत होती. पैसे लावत नाही, पण हरणाऱ्या घोड्याला नावं ठेवते.

"चाल की मेल्या! पेंड खाऊन आलाय नुसता. काय गं, आज कशी वाट चुकलीस?"

मी तिला दार्ताचं सांगितलं.

"हात कसा लावला? पंजानं?"

"नाही. मूठ मिटून. पेरांनी. दोनदा."

आईनं आवाज बारीक केला.

"तसं आमी शाळंत करायचो," ती म्हणाली. आई अजून गावचं बोलते. माझ्या पिढीनं ते शाळेच्या फाटकाशीच टाकून दिलं. "घरी उघडा हात. शाळंत पेरांनी, म्हंजी बाईला दिसू नये. ती एडिनबराची. आमची खोड मोडायची म्हनून मुद्दाम म्हनायची त्यो शबुद, चार-चारदा. आमी समदी तुझ्या खोलीतल्या त्याच पाइपाजवळ बसायला मारामारी करायचो."

"आणि पाइप ज्यांना मिळायचा नाही?"

"बुटाला खिळं असायचं की. खाली वाकायचं, बूट बांधल्यासारखं करायचं."

"आणि खिळे नसतील तर?"

आई घोड्यांकडे बघत राहिली.

"येक व्हती. चुलत्याकडं राहायची. कुनाचं तरी रबराचं बूट दिलं व्हतं तिला. मधोमध बसवायची बाई. तोंड उघडलं की गावचं बोलायची, की पट्टा. मग तोंड उघडायचीच बंद झाली. त्यो शबुद आला की नुसती हात पुढं करायची आमच्याकडं. लोखंड धरल्याल्या मानसाचा हात धरला तरी चालतंय ना."

"मग? कुणी धरला?"

"पट्टा व्हता ना गं."

"नाव काय तिचं?"

"न्हाई ठावं."

"आई, तुमच्या वर्गातली होती."

"हाक कुनी मारायचीच न्हाई, तर नाव कुठनं राहील ध्यानात?"

"आणि काय झालं तिचं?"

"काय व्हायचंय?" आईनं आवाज पुन्हा मोठा केला. "शाळा सुटली."

*

हॉल्डेनबाई आल्या त्या दिवशी ऊन होतं. बाकीची चौघं मैदानावर होती, तसं मीच ठरवलं होतं. खोलीत दार्ता, मी, दारात डग्लस किल्ल्या चाळवत उभा, आणि त्याच्यामागे कारखान्यातून तशीच आलेली इंगुना, पांढऱ्या बुटांत.

हॉल्डेनबाई वाईट असत्या तर बरं झालं असतं. त्या चांगल्या होत्या. गुडघ्यांवर बसून दार्ताला नमस्कार केला, उत्तराची वाट पाहिली, नाही आलं तर हसून सोडून दिलं.

"आडपडदा! मला फार आवडतो हा खेळ," त्या म्हणाल्या. "मीच बसते ना तिच्यासमोर."

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते? त्या बसल्या. खुर्ची बुटकी, त्या उंच. गुडघे पार हनुवटीशी आले. पेन्सिल उचलली.

"सांग बाळा. मी काढते."

दार्ता चित्र हातात धरून बसली होती. तिची नजर हॉल्डेनबाईंच्या चेहऱ्यावर नव्हती. त्याच्या बरीच खाली होती, पोटाशी, जिथं त्याच खुर्चीवर बसलेल्या लहान मुलीचा चेहरा आला असता तिथं. तिचे डोळे मोठे होत गेले.

बाईंना वाट बघता येत होती. मीही एवढी बघत नाही. छपरावर कुरव ओरडत होते. डग्लसच्या किल्ल्या थांबल्या. इंगुनानं लाटवियन भाषेत काहीतरी पुटपुटलं.

"बोल गं, बोल," मी मनात म्हणत होते. वीस वर्षं जे करू नका म्हणून शिकवलं, तेच.

अखेर हॉल्डेनबाईंनी पेन्सिल खाली ठेवली, अगदी हळू. "ठीक आहे हं, बाळा," त्या म्हणाल्या. "काही हरकत नाही."

ते "ठीक आहे" मला माहीत आहे. त्याच्यापुढे टॅक्सी असते.

मी म्हणाले, "डुक्कर."

जन्मात पहिल्यांदा. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. दारात डग्लसनं बिजागरीवर हात मारल्याचा आवाज झाला. तो मुख्याध्यापक आहे, पण मासेमाराचा मुलगा आहे. मी माझे हात पाठीमागे धरून ठेवले. कळत होतं, आणि तरी हलवले नाहीत. मला दार्ताकडे बघायचं होतं.

तिची पेरं पाइपावर पडली. दोनदा. मग ती उभी राहिली.

"मिस, उठा!"

हॉल्डेनबाईंनी मान वर केली.

"उठा ना! तुम्ही तिच्यावर बसलाय! तिला पोचत नाही!"

"कुणाला गं?"

"लवकर!"

त्या उठल्या. चांगल्या शिक्षिका होत्या त्या. मूल एवढ्या जिवाच्या आकांतानं बोलतं तेव्हा आधी उठावं, मग विचारावं, हे त्यांना माहीत होतं. दार्तानं डाव्या हातानं पाइप पकडला. पाइप मार्चमध्ये पोळतो, पण तिनं सोडला नाही. उजवा हात टेबलावरून पलीकडे लांब केला. नकाशांचं पुस्तक धाडकन पडलं. आणि मग ती जे बोलली ते मी शिकवलेलं नव्हतं, ते टीव्हीवर नव्हतं, ते लाटवियात नव्हतं. ते माझ्या आईच्या तोंडचं होतं.

"दे हात. भिऊ नगंस. म्या धरलंय बघ. हितं. हितं हाय."

तिची बोटं मिटली. पोकळ मिटली; मध्ये कुणाचा तरी हात मावेल एवढी जागा राहिली. मग तिचा खांदा खाली ओढला गेला, जसा कुणी आपल्या हाताला लोंबकळल्यावर ओढला जातो. ती तशीच उभी राहिली, एक हात लोखंडावर, एक हात हवेत.

कुणीतरी हसलं. लहानसं, सुटका झाल्यासारखं.

दार्तानं दोन्ही हात सोडले. तळवा लाल झाला होता. ती आईकडे धावत गेली, आणि आईला इंग्रजीत म्हणाली, "भाजलं मला."

इंगुना तिथंच जमिनीवर बसली, पांढऱ्या बुटांसकट, आणि तिचा तळवा फुंकत राहिली.

*

"कल्पनाशक्ती तर बघा!" हॉल्डेनबाई व्हरांड्यात म्हणत होत्या. "हुकूम सोडते, कारण सांगते, दुसऱ्याची काळजी करते. हिला कुठं पाठवायची काही गरज नाही. आणि ते शेवटचं कुठलं बोलणं?"

"गावचं," डग्लस म्हणाला. "माझी आजी बोलायची."

"कित्ती गोड. तुम्ही तेही शिकवता?"

"नाही," मी म्हणाले.

गाडीत बसताना त्यांनी काच खाली केली.

"आणि ती दुसरी, खिडकीच्या पडद्यामागं होती ती. हसली ना मध्येच? तीही तुमच्याच गटातली का? तिलाही पुढच्या खेपेला बघू आपण. बोलत नाही का तीही?"

"लाजते," मी म्हणाले.

"होईल हळूहळू," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

डग्लस माझ्याशेजारी उभा होता. आम्ही दोघं मैदानाकडे बघत होतो. तिथं चारच मुलं होती.

"तू आत बघितलंस का?" त्यानं विचारलं.

"तू?"

"मी दाराकडेच बघत होतो गं. बिजागरीकडे."

*

आईला मी सगळं सांगितलं. तिनं टीव्ही बंद केला.

"धरला म्हन हात," ती मग म्हणाली. "लाटवियाच्या पोरीनं."

"हो."

"आनि तू? शबुद काढलास. लावलास का हात?"

"विसरले."

विसरले नव्हते. आईला ते दिसलं असावं. ती उठली, माझं मनगट धरून मला स्वयंपाकघरात नेलं, आणि माझा तळहात चुलीच्या लोखंडी दारावर दाबून धरला. तिची पकड या वयातही घट्ट होती.

"उशीर झाला तर झाला," ती म्हणाली. "लाव."

*

दार्ता आता बोलते. उग्नेशी कानात, तिमेकशी भांडून. परवा तिनं तिमेकला सांगितलं, "जरा थांबत जा. समोरच्यालाही तोंड असतं." तो खरंच थांबला. डग्लसनं मला येऊन दोनदा विचारलं की मी त्याला काय केलं.

खुर्चीशी ती आता बोलत नाही. तिची तिला गरज उरलेली नाही, आणि मुलं गरज संपली की मागे वळून बघत नाहीत, तसंच असावं. दार्ता इथंच राहील असं हॉल्डेनबाईंचं पत्र आलं, त्यानंतरच्या सोमवारी मी मुलं यायच्या आत टेबल फिरवून घेतलं. ती खुर्ची खोलीच्या मध्यावरून उचलली आणि भिंतीशी, पाइपाला टेकेल अशी ठेवली. बसणाऱ्यानं नुसतं कोपर हलवलं तरी लोखंड लागेल.

दुपारी मुलं गेली की मी टेबलाच्या या बाजूला बसते. मध्ये नकाशांचं पुस्तक उभं करते. आमच्यात आडपडदा राहू द्यावा, एवढं मला कळतं. टोक केलेली पेन्सिल पलीकडे सरकवते.

"घर काढ," मी म्हणते. मग मला आठवतं, आणि मी आईच्या बोलण्यात, अडखळत, पुन्हा म्हणते. माझा उच्चार चुकतो. लहानपणी टाकलेलं असं पटकन जिभेवर येत नाही.

मग मी थांबते. थांबायचं किती, ते मी ठरवत नाही.

*

पाइप बसवायच्या आधी त्या खोलीत मधोमध, कुठूनही हात पोचेल अशी, लोखंडी शेगडी होती, आणि प्रत्येक मूल सकाळी घरून कोळशाचा एक तुकडा घेऊन यायचं.